चव्वेचाळीस गाठोडी

देवाशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! कुलदेवीची शपथ, पितरांची शपथ, आणि एवढ्यानं भागत नसेल तर तळहातावर पेटता कापूर ठेवून सांगते. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी कवळी पेल्यातून उठून शेजारणीकडे नांदायला जावो. गोष्ट सत्तेचाळीस सालची. तुम्ही म्हणाल, ते साल अजून उजाडायचंय. असेल उजाडायचं. उद्याची भाकरी अजून थापली नाही, म्हणून काय डब्यातलं पीठ खोटं?

तर, तळखांबचं पठार. घाटाला सत्तावीस वळणं, आणि वारा असा की कोंबडी वरच्या वाडीत अंड्यावर बसली तर पिल्लू तळच्या वाडीत निघायचं. वरची, मधली आणि तळची अशा तीन वाड्या, आणि सोयरिकी सगळ्या ह्या तिघींतच फिरायच्या. मामाची पोरगी भाच्याला, आत्याचा पोरगा घरचाच जावई. ‘घाटाखालची सून आन् घाटाखालचं मडकं, वर येईस्तोवर तडकतं,’ असं म्हातारी माणसं म्हणायची. का तडकतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

वैजयंता तिथल्या आरोग्य उपकेंद्रात कामाला होती. चाळिशी ओलांडलेली, नवरा विजेच्या तारेनं गेलेला, पदरात एकुलती एक शिवन्या. पुण्याच्या एका संस्थेनं पठारावरच्या झाडून सगळ्यांची थुंकी गोळा करायचं काम काढलं होतं. त्या थुंकीतून म्हणे माणसाच्या अंगातला मजकूर वाचता यायचा. वैजयंता नळ्या घेऊन दारोदार हिंडायची. गावानं तिचं नाव थुंकीताई पाडलं.

“आली गं थुंकीताई! तोंडातलं पान थुका आधी,” बाया ओरडायच्या.

“पान थुका, पण माझ्या अंगावर नको,” वैजयंता म्हणायची. साडेनऊशे माणसं थुंकली. यंत्र उपकेंद्रातच होतं, वाटणाच्या पाट्याएवढं. ते नळी गिळायचं, दिवसभर गुरगुरायचं आणि वाचलेलं सगळं पुण्याला पाठवायचं.

चैत्रात एके दिवशी संस्थेच्या डॉक्टर पेठे स्वतः वर आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, कधी चहा टाकून न उठणाऱ्या बाई. त्या दिवशी चहा निवून साय आली तरी त्यांनी कप उचलला नाही. दार लावून घेतलं.

“वैजयंता, माणसाच्या अंगातला मजकूर शेहेचाळीस गाठोड्यांत बांधलेला असतो. तेवीस आईकडची, तेवीस वडिलांकडची. इतकी वर्षं आम्ही दोन माणसांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून अक्षरं जुळवत बसलो. तुमच्या यंत्रानं अख्खं गाठोडं न तोडता वाचलं, म्हणून आता मांडणी दिसली.”

“म्हंजे डबे तेच, पण कुठला डबा कुठल्या फळीवर, ते?”

“अगदी तेच. आणि तुमच्या पठारावर दोन फळ्या एकमेकींना ठोकून एक झाल्यात. तिच्यावरचे थोडे डबे उलट्या क्रमानं लागलेत. सामान सगळं आहे, चिमूटभर कमी नाही. पण गाठोडी मोजली तर चव्वेचाळीस भरतात.”

“सगळ्यांची?”

“जवळजवळ सगळ्यांची,” पेठेबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच खाली बघितलं.

आता इथं शास्त्र आलं, तेव्हा जरा सावरून बसा. मूल व्हायचं तर शरीर आधी आपला मजकूर निम्मा करतं. त्या वेळी आईकडचं गाठोडं आणि बापाकडचं गाठोडं समोरासमोर येतात आणि फुगडीला उभ्या राहिलेल्या पोरींसारखे हात धरतात. मग हात सुटतात, एक इकडं जातं, एक तिकडं. शेहेचाळीसवाल्यांची फुगडी बिनघोर. चव्वेचाळीसवाल्यांचीही बिनघोर, कारण जोडगाठोड्यासमोर तसलंच जोडगाठोडं उभं. मरण आहे ते पंचेचाळीसवाल्याचं. त्याच्या एका अंगाला जोडगाठोडं, दुसऱ्या अंगाला दोन सुटी. एकीनं एकाच वेळी दोघींशी फुगडी घालायची! कुणाचा हात सुटतो, कुणी भलत्याच बाजूला जाऊन आदळतं, आणि पोटातल्या जिवाच्या वाट्याला एक गाठोडं जास्त येतं नाहीतर एक कमी. असा जीव धरत नाही. पंचेचाळीसवालं माणूस स्वतः धडधाकट असतं, खायला कामाला वाघ असतं. पण त्याची दहातली सात मुलं पोटातच जातात. दुसरीकडं अशी फुगडी इतकी बिघडत नाही म्हणे. पण इथं ते उलटे लावलेले डबे होते ना, त्यांनी खेळ पार नासवला.

“आन् आमच्यातल्या पोरीनं घाटाखाली लगीन केलं तर?”

“तिला स्वतःला काहीच त्रास नाही. तिची मुलंही ठणठणीत होतील. पण झाडून सगळी पंचेचाळीस. भोगायचं ते पुढं त्या मुलांनी.” पेठेबाईंनी चष्मा पुसला. “शेकडो वर्षांपूर्वी कुणा एकाच्या अंगात ही गाठ पडली. तुम्ही आपसांत लग्नं केलीत, गाठीला गाठ भेटली, चव्वेचाळीस जन्मले. त्यांची मुलं जगली, बाकीच्यांची गेली. असं होत होत... वैजयंता, एका जातीच्या प्राण्याच्या दोन जाती होतात ना, त्याची सुरुवात अशी असते. हे बोलायला मला भीती वाटते.”

जाताना त्यांनी वैजयंताचा स्वतःचा कागद तिच्या हातात ठेवला. पंचेचाळीस.

वैजयंताची पाच गेली होती. चौथ्या महिन्यात, तिसऱ्यात, एक तर सातव्यात. मग शिवन्या. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, ‘पांढऱ्या पायाची, माझा वंश खाल्ला.’ वैजयंता घरी गेली, स्टुलावर चढली, सासूच्या फोटोचा चंदनाचा हार काढला आणि म्हशीच्या शिंगाला अडकवला. मग गोठ्यात बसून पोटभर रडली. पाय पांढरे नव्हते. नुसती फुगडी चुकली होती.

*

पेठेबाईंनी शोध छापला, गावाचं नाव घातलं नाही. पण वास आला की मुंग्या येतातच. आठ दिवसांत घाटात वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. ‘माणसाची नवी जात?’ असल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत तळखांब झळकलं. पोरं छाती पुढं काढून ‘फोर्टी फोर’ लिहिलेले टी-शर्ट घालून फिरायला लागली. इथवर गंमतच होती.

मग सरपंच आबांनी ग्रामसभा घेतली. आबा गोड माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. ते म्हणाले, “यंत्रानं आत्ता सांगितलं. आमच्या आज्यानं बिनयंत्राचं सांगितलं हुतं. घाटाखाली पोरगी द्यायची न्हाई, घाटाखालची आणायची न्हाई. त्येला लोक अडाणी म्हनले. आता म्हना!”

टाळ्या पडल्या. घाटाच्या तोंडाशी चौकी बसली, आडवा बांबू आला, पाटी लागली: ‘चव्वेचाळिसांचं पठार. पाहुण्यांनी नोंद केल्याशिवाय आत येऊ नये.’ खालच्या गावांत ठरलेली चार लग्नं मोडली. ज्यांची मोडली त्यांनाच हार घातले.

आणि मग कुणीतरी विचारलं, की पंचेचाळीस कोण कोण?

हा प्रश्न वाडीवाडीतून पाण्यासारखा झिरपला. कारण पंचेचाळीसवाला ज्या घरात, त्या घरातल्या चव्वेचाळिसाचा वंश बुडणार. तळच्या वाडीतली एक सून जिवाला खाऊन शेवटी स्वतःच पुण्याला जाऊन आपला आकडा विचारून आली आणि वेड्यासारखं खरं सांगून बसली. दुसऱ्या दिवशी तिची पेटी अंगणात. सासू दारात उभी राहून म्हणाली, “राग न्हाई बाई तुज्यावर. पर बियाणं पेरताना किडकं कोन पेरतं?” आवाजात खरंच राग नव्हता. वैजयंताच्या अंगावर काटा आला तो त्यानंच.

आबा उपकेंद्रात येऊन बसले. “थुंकीताई, यादी दे.”

“आकडे पुण्यात असत्यात आबा. आन् ते कुनाचं कुनाला सांगायचं न्हाई, अशी सही केलीय मी.”

“बरं. पुन्याला पत्र धाडतो,” आबा हसून म्हणाले. “तुज्या शिवन्याचा तेवढा कागद दे. आमच्या यशराजशी साखरपुडा झालाय, आमची मंडळी आता घाई करायला लागलीय.”

शिवन्या एकवीस वर्षांची, चुणचुणीत, उताराला सायकल लावून दोन्ही हात सोडणारी. यशराज आबांचा एकुलता एक. दोघांचं शाळेपासूनचं. तिची नळी वैजयंतानं अजून यंत्राला दिली नव्हती. कपाटात मागं सारून ठेवली होती. त्या दुपारी दिली. संध्याकाळी यंत्र गुरगुरायचं थांबलं. पंचेचाळीस.

*

वैजयंता मधल्या वाडीत आईकडे गेली. हौसाबाई, बहात्तरची, शेंगा सोलत बसली होती.

“आई, थुक.”

“कुनावर?”

“नळीत.”

“मागं थुकले की. पुरली न्हाई?”

“शिवन्याच्या नावानं पायजे.”

हौसाबाईचा हात थांबला. “पोरीत खोट निघाली व्हय?”

“खोट न्हाई गं. पंचेचाळीस निघाले. माज्यात बी हायती. तू मातर चव्वेचाळीस.”

“मंजे तुज्या बापाकडनं आलं. तो गेला सुटला, आन् निस्तरायचं आपन.” म्हातारीनं नळी हिसकली आणि अशी थुंकली की फेस वर आला. “आन अजून एक. सत्तर वर्सं ह्या गावावर थुकायचं राहिलंच हुतं.”

यंत्रानं कागद काढला. शिवन्या, चव्वेचाळीस. आबांच्या मंडळी, मालनकाकू, स्वतः पेढे घेऊन आल्या. कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला.

चौथ्या दिवशी पेठेबाईंचा फोन. “वैजयंता, तुमची आई आणि तुमची मुलगी एकच बाई आहे का?”

वैजयंतानं उठून उपकेंद्राचं दार ओढून घेतलं.

“मजकूर पडताळणाऱ्या यंत्राला वय कळत नाही, नाव कळत नाही. पण माणूस कळतं. जुळ्या बहिणी सोडल्या तर दोन माणसांची इतकी अक्षरं तंतोतंत जुळत नाहीत. आणि तुमच्या आईला बहात्तराव्या वर्षी एकवीस वर्षांची जुळी बहीण झालेली नाही.”

“चुकले बाई. पर तिला काडून टाकतील ओ.”

पेठेबाई म्हणाल्या, “तुमच्या सरपंचांचं पत्र आलंय. त्यांच्यामागून आणखी दोन फोन आले. कुणाचे ते विचारू नका. यादी द्या, म्हणतात. वैजयंता, मी आयुष्यभर मजकूर जपला. आज पुसणार आहे. तुमच्याकडच्या नळ्या चुलीत घाला.”

साडेनऊशे माणसांचा मजकूर एका दुपारी गेला. नळ्या जळताना प्लॅस्टिकचा काळा धूर निघाला. यंत्र पुण्याला परत गेलं. आकडे आता फक्त एकाच ठिकाणी उरले होते, वैजयंताच्या डोक्यात. कारण यंत्राच्या पडद्यावर एकदा दिसलेलं ती विसरायची नाही. ती घरी आली, तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि दिवसाढवळ्या घोरायला लागली. तिला वाटलं, सुटलो.

*

भात काढून झालं आणि हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारा माणूस. दोन-तीन वर्षांनी येतो, सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणतो, नवी जन्मलेली चोपडीत उतरवून घेतो आणि सूपभर धान्य घेऊन जातो. हा मल्लाप्पा आता विजेच्या स्कूटरवरून यायचा, पण चोपडी तीच, आज्यापणज्याची, लाल फडक्यातली. आबांनी त्याला देवळात बसवलं. सगळं गाव जमलं. हेळव्याचा दिवस म्हणजे मानाचा. आपलं नाव निघालं की लोक बसल्या जागी उंच होतात.

मल्लाप्पा गात होता, “राणबाचा खंडेराव, खंडेरावाची पोरं चार, तिघं निजली पाळण्यात, उरला तो धोंडिबा. धोंडिबाचा भिकू...”

आबांनी हात वर केला. “थांब. परत म्हन.”

मल्लाप्पानं परत म्हटलं.

“तिघं निजली, मग धोंडिबा,” आबा हळू बोलले. “वाईट नाव का ठेवत्यात रं?”

हे काय विचारणं झालं? आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. बाईची मुलं जगेनात, तर पुढच्याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचं. धोंडू, दगडू, केरबा, भिकू. म्हणजे मरणाला वाटावं, हा तर दगड, हा तर केर, ह्याला नेऊन करायचं काय. नाव म्हणजे पोराला लावलेली काळी तीटच.

म्हातारा मल्लाप्पा खुलला, त्यानं हे सगळं समजावून सांगितलं. आणि गावाला चेव आला! मानाचाच दिवस तो. “आमच्यात बी दोन दगडू हायती!” एक म्हातारी ओरडली. “आमचा केरबा इसरलास व्हय रं?” दुसरा म्हणाला. “आमच्या आजीची तर सहा गेली, मग भिकूबा!” हौसेनं, एकावर एक, लोक आपापल्या घरातली मेलेली पोरं सांगत सुटले. आबांच्या मांडीवर वही होती. ते लिहीत होते.

वैजयंताला आधी कळलं.  मग हळूहळू एकेकाला कळलं, आणि आवाज थांबत गेले, आणि शेवटी देवळात एवढी शांतता झाली की आबांच्या पेनाची खरखर ऐकू यायला लागली.

“यंत्र जाऊ दे पुन्याला,” आबा म्हणाले. “आपल्यात धोंडू जिथं, तिथं पोरं गेली. पोरं गेली जिथं, तिथं पंचेचाळीस.”

“असं कसं आबा?” वैजयंता उठली. “पोरं देवीनं जायची, पटकीनं जायची, इंचवानं जायची! आन् आई पंचेचाळीस असली तरी लेकरू पंचेचाळीस निघतंच असं न्हाई. निम्मी निघत्यात, निम्मी न्हाई. ह्यातली अर्धी घरं चव्वेचाळीस असतील!”

“असतील,” आबा म्हणाले. “पाखडताना चार चांगलं दानं जात्यातच की सुपातनं.”

तेवढ्यात मालनकाकू वळल्या. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. “वैजे, शिवन्याला तू घरात काय म्हनतीस गं?”

 उत्तर द्यायची गरजच नव्हती. पाच गेल्यावर झालेली पोर. बारशाला शिवन्या म्हटलं होतं, पण त्याआधी सुईणीनं कानात दुसरंच नाव सांगितलं होतं, आणि एकवीस वर्षं तीन वाड्यांनी तिला त्याच नावानं हाका मारल्या होत्या. धोंडे, इकडं ये. धोंडे, जेवलीस का?

*

यादीत अकरा घरं निघाली. पौर्णिमेच्या आत पठार सोडायचं. कुणी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, बस्स. आबा रोज सगळ्यांची विचारपूस करत होते.

वैजयंता सकाळीच त्यांच्या घरी गेली. चोपडी त्यांच्याच ओसरीवर होती. ‘जपून ठेवतो’ म्हणून त्यांनी मल्लाप्पाकडून ठेवून घेतली होती. तिनं ती उघडली. आबांच्या घराण्याचं पान ब्लेडनं कापलेलं होतं.

“काय हुतं आबा ह्या पानावर?”

“वाळवी लागली हुती.”

“तुमची आजी घाटाखालची, चिपळूनची. मालनकाकूंची तीन गेली, मीच हुते उशाला. मग यशराज झाला, तवा पयला म्हयनाभर त्याला केरबा म्हनत हुता तुमी. मल्लाप्पानं तसंच लिवलं आसनार.” तिनं आवाज खाली आणला. “त्याची नळी मीच लावली हुती. आकडा पाठ हाय मला. पंचेचाळीस.”

आबांनी कापलेल्या पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“सांग मग लोकांस्नी,” ते म्हणाले. “अकराची बारा घरं हुतील. मी जाईन, तू जाशील, दोन्ही पोरं जातील. यादी काय फाटनार न्हाई. आता ती माज्या हातात ऱ्हायली न्हाई, वैजे.” आणि मग, अगदी मायेनं, “न्हाईतर असं कर. तुज्या पोरीचा यंत्राचा कागद हायच. मी सांगतो, कागद खरा, नाव फुकटचं. ती माज्या घरात नांदंल. यशराज तिच्याबिगर पानी पिनार न्हाई. तू जा. फकस्त तोंड मिटून जा. पोरीजवळ बी न्हाई बोलायचं. पोरगं भोळं हाय आमचं. तिला कळलं तर त्याला कळंल, आन् त्याला कळलं तर गावाला.”

“दोघं बी पंचेचाळीस, आबा. दहातलं एखादं तरी टिकंल का त्यांचं?”

“न्हाई टिकलं, तर तवाचं तवा बघू.”

“तवा काय बघनार? तिच्याच पायावर घालनार तुमी.”

आबांनी चोपडी उचलून लाल फडक्यात बांधली. गाठ मारली. 

वैजयंता दोन दिवस जेवली नाही. सांगावं, तर पोर घरातून जाते, लग्नातून जाते, सगळ्यातून उठते. न सांगावं, तर पोर राहते; पण जे आपण गोठ्यात बसून भोगलं तेच ती भोगणार, आणि तिला कारणसुद्धा ठाऊक नसणार. हौसाबाई म्हणाली, “माज्या थुकीनं काय हुनार असतं तर पुन्यांदा थुकले असते गं.” आणि पहिल्यांदाच तिचा आवाज म्हातारीचा वाटला.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी अकरा टेम्पो घाटाच्या तोंडाशी उभे राहिले. भांडी, गाद्या, शेळ्या, पाळणे. आबांनी गावाला कागद दाखवून ठेवून घेतलेली शिवन्या आईला पोचवायला चौकीपर्यंत आली होती. “सहा म्हैन्यांत आबांचं मन वळवते बघ, आन् तुला वर आनते,” ती म्हणत होती. बांबू वर झाला. वैजयंतानं टेम्पोच्या पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला, लेकीला बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. तिचा आकडा, यशराजचा आकडा, कापलेलं पान.

शिवन्यानं ऐकून घेतलं. चौकीकडं बघितलं. मग साखरपुड्याची अंगठी काढली, चौकीच्या बांबूवर ठेवली आणि आईच्या आधी टेम्पोत चढून बसली.

*

मार्गशीर्षात यशराजचं लग्न झालं. मोठं झालं, तिन्ही वाड्या जेवल्या. गाव आता साफ होतं. आबांनी भाषण केलं, की ह्यापुढं पठारावर पाळणा रिकामा राहायचा नाही.

फाल्गुनात यशराजच्या बायकोला दिवस गेले. वैशाखात ते पोटातच गेलं. मग दुसरं. मग तिसरं, चांगलं साडेपाच महिन्यांचं.

गाव घाबरलं. साफ गावात हे व्हायलाच नको होतं. म्हणजे कुठंतरी अजून कीड आहे! दुसरी यादी निघाली. ह्या वेळी नावांवरून नाही. कुणाची पणजी कुठली, कुणाच्या अंगावर कसला डाग, असल्या गोष्टींवरून. सात घरं गेली. यशराजच्या बायकोचं चौथं गेलं. तिसरी यादी निघाली. आता पठारावर बायका दिवस गेले तरी कुणाला सांगेनात. पाळीचे कपडे मुद्दाम दोरीवर वाळत घालायला लागल्या. चुकून काही झालंच तर शेताच्या बांधावर पुरून, तोंड धुऊन, हसत घरी यायच्या. नवरा-बायको झोपेतसुद्धा एकमेकांकडं पाठ करून असायचे. आबांच्या सुनेला बारशाला बोलवत नव्हते, तिच्या हातचं कुंकू कुणी लावून घेत नव्हतं. ज्या घरात खरे पंचेचाळीस होते, ते घर सोडून सगळी घरं तपासून होत होती.

वैजयंता घाटाच्या पायथ्याशी पोळी-भाजीचं दुकान चालवायची. वरून बिऱ्हाडाचा टेम्पो उतरला की ती आधी पाणी द्यायची, मग जेवण. आणि मग दर वेळी एकच विचारायची.

“आबांची सून कशी हाय?”

“पाचवं गेलं की,” उतरलेली बाई सांगायची. “गुरांच्या गोठ्यात बसून असती. कुनी बोलत न्हाई. पांडऱ्या पायाची म्हनत्यात.”

वैजयंता मान खाली घालून कणीक तिंबत राहायची.

इतकं सगळं शपथेवर सांगितलं. पण कापूर अजून हातावर आहे आणि चटका बसायला लागलाय, तेव्हा एक कबूल करून टाकते. चौकीपाशी वैजयंतानं लेकीला खरं सांगितलं आणि लेक अंगठी काढून टेम्पोत बसली, तेवढं मी रचलं. तुमच्या घशाखाली घास उतरावा म्हणून. वैजयंतानं तिला काही सांगितलं नाही. डोक्यावरून हात फिरवला, ‘सुखानं नांद, धोंडे’ म्हणाली आणि एकटीच पायरी चढली. बांबू खाली आला. लेक पलीकडं हात हलवत उभी राहिली.

बाकी सगळं जसंच्या तसं खरं आहे. मार्गशीर्षातलं लग्नही, आणि यशराजची बायकोही.